साखरेवरची सही

आई,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू होतीस तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत पत्र कुठून कुठे पाठवणार होते? शिवाय छापलेलं तू बोट ठेवून वाचायचीस, पण हाताने लिहिलेला कागद आला की माझ्याकडे सरकवायचीस. आता तुला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. तिथे वाचून दाखवणारं कुणी आहे की नाही ठाऊक नाही, तरी लिहायला बसले आहे. सकाळी माळ्यावरून तुझा स्टीलचा डबा काढला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तुझं नाव अजून वाचता येतं. आत तो निळा दोरा आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तू उगाच डोळ्याला पदर लावायला नकोस. मी माफी मागायला बसलेली नाही. मामाला कोर्टात खेचलं ते बरोबर केलं. उद्या पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा खेचीन.

मामा म्हणजे तुझ्या माहेरचा माणूस. सख्खा नाही, चुलत नाही, तुमच्या मालवणकडच्या वाडीतला, तुमच्या घरापासून तिसऱ्या घरातला. तो घाटकोपरला आला, आधी दुसऱ्याच्या दुकानात कापड फाडायला होता आणि मग स्टेशनजवळ त्याने स्वतःचं शाळेच्या गणवेशांचं दुकान टाकलं. तू त्याला दादा म्हणायचीस, तो तुला बाय म्हणायचा, आणि तेवढ्यावर तुम्हा दोघांचं नातं पक्कं होतं. बाबांचा भांडुपचा कारखाना बंद पडला आणि ते गावी जाऊन घर सांभाळायला लागले, तेव्हा त्यानेच तुला काम दिलं, हे मी नाकारत नाही. बेतून ठेवलेल्या कापडाचे गठ्ठे तो द्यायचा, तू मुलुंडला आपल्या खोलीत मशीनवर पिनाफोर शिवायचीस, निळे, पुढे दोन चुण्या आणि कमरेला पट्टा. नगाला चार रुपये. डझन पुरा झाला की नेऊन द्यायचा.

तुझा हिशोब मला आजही बसल्या जागी दिसतो. मशीनच्या खुंटीला एक लांब निळा दोरा लोंबत असायचा. एक डझन दुकानात पोचला की घरी येऊन चप्पल काढायच्या आधी तू त्या दोऱ्याला एक गाठ मारायचीस. एका डझनाचे अठ्ठेचाळीस रुपये हातात आले की एक गाठ सोडायचीस. वही नाही, पावती नाही. मी कॉलेजात जायला लागल्यावर मोठ्या ऐटीत तुला एक वही आणून दिली होती. तू तिच्यावर तेलाची बाटली ठेवलीस. म्हणालीस, "गाठ काय खोटी बोलता?" मी तेव्हा चिडले होते, पण खरं सांगायचं तर तुझी एकही गाठ कधी चुकल्याचं मी पाहिलं नाही.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात मामाला एका मोठ्या शाळेची ऑर्डर लागली. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तू शंभर डझन शिवलेस. एकटीने ते होण्यासारखं नव्हतं, म्हणून समोरच्या खोलीतली आणि वरच्या मजल्यावरची अशा दोघी बायका काज-बटण आणि तुरपाईला घेतल्यास. त्या मे महिन्यात आपल्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, माझ्या ताटात भाताबरोबर निळे धागे यायचे आणि तू जेवताना उजव्या हाताची बोटं उघडमीट करत बसायचीस. शेवटचा डझन पोचला तेव्हा दोऱ्याला शंभर गाठी होत्या. मामाने आधी उचल म्हणून नऊशे साठ रुपये दिले होते, त्याच्या वीस गाठी तू सोडल्यास. राहिल्या ऐंशी. म्हणजे तीन हजार आठशे चाळीस रुपये. आपल्या घरात तेवढी रक्कम त्याआधी कधी आलीच नव्हती. त्या दोघी बायकांना मात्र तू पैशांसाठी थांबवलं नाहीस. तुझ्या आईने तुला घातलेल्या दोन पाटल्या तू मुलुंडच्या सोनाराकडे गहाण ठेवल्यास आणि त्यांचे पैसे चुकते केलेस. मला म्हणालीस, महिन्याभराचा प्रश्न आहे.

मग सुरू झाल्या तुझ्या घाटकोपरच्या फेऱ्या. मी किती वेळा बरोबर होते, त्याची मोजदाद नाही. तो गल्ल्यावरून उठायचा, स्टूल पुसून द्यायचा. "बाय, बस गो. चाय घे." चहा यायचा. गावची विचारपूस व्हायची, कोणाच्या घरी काय झालं, कोणाची विहीर आटली. तू पैशाचं निम्मं वाक्य बोलायचीस आणि तो उरलेलं निम्मं पुरं करायचा, "शाळा उघडांदे गो." शाळा उघडल्यावर, "गणपती होवंदे." गणपती झाल्यावर दिवाळी, दिवाळीनंतर त्याच्या मुलीचं लग्न. भाऊबीजेला तू त्याला ओवाळायला जायचीस आणि तो ताटात एक्कावन्न रुपये टाकून चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "ह्ये हिशोबात नाय हां, ही ओवाळणी." तू परत येताना खूश असायचीस. मी नसायचे. तुझेच पैसे दाबून ठेवलेला माणूस त्यातलेच एक्कावन्न तुला उपकार म्हणून देत होता आणि तू त्याला औक्षण करत होतीस. तिकडे सोनाराचं व्याज चढत होतं.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात मी वकीलसाहेबांकडे टायपिस्ट म्हणून लागले. तुला आठवतं ना, मुलुंड पश्चिमेला पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचं ऑफिस होतं, टाइपरायटरवर पीठ साठायचं आणि रोज सकाळी आधी कीबोर्डवर फुंकर मारावी लागायची. दिवसभर मी नोटिसा टाइप करायचे. एकदा टाइप करता करता विचारलं, की शिलाईचे पैसे कुणी बुडवले तर काय करता येतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाचे?" मी सगळं सांगितलं. म्हणाले, "काम पुरं केल्यापासून तीन वर्षं. त्याच्या आत दावा लावला तर ठीक, नाहीतर कोर्ट दारातूनच परत पाठवतं. तुझ्या आईची मुदत येत्या मेमध्ये संपते." मग ते म्हणाले, "पण तीन वर्षं संपायच्या आत त्याने 'देणं आहे' असं लिहून खाली सही केली, तर सहीच्या तारखेपासून पुन्हा नवी तीन वर्षं मिळतात. थोडे पैसे देऊन तसं स्वतःच्या हाताने लिहिलं तरी तेच. तोंडी कबुलीला किंमत नाही."

मी एक्कावन्न रुपयांचं विचारलं. "ओवाळणी म्हणाला ना? मग ते हिशोबात येत नाहीत." मग पुरावा काय आहे म्हणाले. मी सांगितलं, दोरा आहे. ते हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांना कायम मान दिला. एवढंच म्हणाले, "दोऱ्यावर सही नसते, पोरी."

त्या संध्याकाळी तुला हे सगळं सांगितलं, तर तू भाकरी थापायची थांबली नाहीस. मी म्हटलं, दावा लावू या. फी वकीलसाहेब माझ्या पगारातून थोडी थोडी कापून घेतील. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "माहेरच्या माणसाक कोर्टात उभो करूचो नाय. माझ्या आवशी-बापसाचा नाव आसा थंय." मी म्हटलं, नाव त्याचं जाईल, आपलं कसं जाईल? तू म्हणालीस, "तुका नाय कळूचा." आणि विषय मिटवलास. पैसे तुझे, काम तुझं, तेव्हा तुझ्या सहीशिवाय दाव्याचा कागद पुढे सरकत नव्हता. तुझं ते 'तुका नाय कळूचा' मला अजून बोचतं, आई. मला चांगलं कळत होतं. नवऱ्याच्या घरी आता कुणी विचारत नव्हतं, आणि माहेरचा म्हणून जो एकुलता एक माणूस मुंबईत होता तो तुला लुबाडत होता. तेवढं कबूल करायचं नव्हतं तुला. माणूस हातचा जाऊ नये म्हणून तू पाटल्या घालवायला तयार होतीस.

त्या दिवाळीला तू नेहमीप्रमाणे मामासाठी फराळाचा डबा भरलास. हाच डबा. खाली चिवडा, वर करंज्या, मधे वर्तमानपत्राचा कागद. तुझा गुडघा धरला होता म्हणून डबा घेऊन मी गेले. तासाभराने परत आले आणि डबा तुझ्या हातात दिला. रिकामा डबा परत करायचा नाही ही रीत मामाने पाळली होती, आत वाटीभर साखर होती. आणि साखरेवर दुकानाच्या बिलबुकातला दुमडलेला कागद. तू तो माझ्याकडे सरकवलास. मी वाचून दाखवला. 'फराळ पोचला. छान झाला. तुमचे शिलाईचे रु. ३८४० माझ्याकडून देणे आहे. लक्षात आहे. सवडीने देईन.' खाली तारीख आणि त्याची लफ्फेदार सही. तू मला तो पुन्हा वाचायला लावलास. मग तिसऱ्यांदा. तुझा चेहरा असा उजळला की माझ्याने बघवेना. "बघ गो," तू म्हणालीस, "इसारलो नाय तो. न मागता लिवन दिल्यान." चिठ्ठी तू देव्हाऱ्यात देवीच्या तसबिरीखाली ठेवलीस आणि ती साखर घालून शिरा केलास.

दुसऱ्या दिवशी मी ती चिठ्ठी काढली, नाक्यावर जाऊन झेरॉक्स केली आणि परत ठेवताना तुझ्या हाती सापडले. आयुष्यात तू मला मारलं नाहीस, त्या दिवशीही नाही. पण जे बोललीस त्यापेक्षा मारलं असतंस तर परवडलं असतं. "घरात गोड इला, आणि तू तेचो पुरावो केलंस?" मी म्हटलं, हो, केला. पुरावाच आहे तो. त्या माणसाने स्वतःच्या हाताने तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू करून दिली आहेत, आणि तू त्या चिठ्ठीला हळदकुंकू वाहते आहेस. झेरॉक्स मात्र मी फाडली नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

मे उलटला. जूनमध्ये सोनाराने निरोप पाठवला, की आता व्याज भरा नाहीतर पाटल्या मोडायला काढतो. तेव्हा तू उठलीस आणि आपण दोघी घाटकोपरला गेलो. शाळा सुरू व्हायचे दिवस, दुकानात आया आणि मुलं, काउंटरवर निळ्या पिनाफोरचा ढीग. तू बाजूला उभी राहून गर्दी ओसरायची वाट बघत होतीस. तुला गिऱ्हाइकांसमोर त्याची लाज काढायची नव्हती. मामाने मात्र तुझी काढली. स्टूल पुसलं नाही, चहा सांगितला नाही. बिलं फाडता फाडता म्हणाला, "बाय, तीन वर्सां झाली. मी वकिलाक इचारलंय. आता कायद्यान तुझा माझ्याकडे कायएक नाय. पण मी काय परको नाय. सवडीन देयन कायतरी, तुका मदत म्हणान."

मदत! तो शब्द ऐकून माझं डोकं फिरलं. तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस. तुला तीन वर्षांत पहिल्यांदा कळत होतं की ते 'गणपती होवंदे' आणि ते 'दिवाळी होवंदे' कशासाठी होतं, आणि ते कळताना मी तुझ्याकडे बघत होते. ऑफिसातून आणलेली झेरॉक्स मी पर्समधून काढून काउंटरवर ठेवली. म्हटलं, "मामा, तुमच्या वकिलाला ही दाखवा. दिवाळीची तारीख आहे. मुदत संपायच्या सहा महिने आधीची. आता तीन वर्षं इथून मोजायची." दोन-तीन आया वळून बघायला लागल्या. तो लाल झाला. कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि एकदम माझ्याकडे बोट केलं. "ह्या तिनाच लिवन घेतल्यान! आवशीक हिशोब आठवणा नाय म्हणाली, म्हणान माझ्याकडसून लिवन घेतल्यान. इचार तिका!"

तू माझ्याकडे वळलीस. "खरा?"

मी तुझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "नाही. त्यांनी आपणहून लिहिलं."

"लबाड चेडू आसा तुझा," मामा माझ्याकडे बघत तुला म्हणाला.

आई, तुझं ते रूप मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तुझा गुडघा दुखत होता हे तू विसरलीस. तू काउंटरपाशी गेलीस, कमरेच्या पिशवीतून दोरा काढलास आणि त्या पिनाफोरच्या ढिगावर टाकलास. "माका हिशोब आठवणा नाय? मोज. ऐंशी आसत. एक कमी भरली तर सगळे सोडलंय." तो मोजेल कशाला. तू म्हणालीस, "पैशे बुडवलंस, मी गप ऱ्हवलंय. माझ्या चेडवाक लबाड म्हणतस? आता कोर्टातच भेटया." दोरा उचललास आणि चालू लागलीस. बस स्टॉपवर मला म्हणालीस, "तुझ्या वकिलाक सांग, सही खंय करूची ती."

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या वरच्या त्या ऑफिसात येऊन तू मोठ्या मोठ्या अक्षरांत सही केलीस, जीभ दातांत धरून. नोटीस मीच टाइप केली, आणि आयुष्यात तेवढी बिनचूक नोटीस मी पुन्हा टाइप केली नाही. मामाच्या वकिलाने उलट लिहिलं की मागणी मुदतबाह्य आहे. आपण दावा लावला. दोन तारखा पडल्या. दुसऱ्या तारखेला वकीलसाहेबांनी मूळ चिठ्ठी पुढे केली, तिला अजून देव्हाऱ्यातलं कुंकू लागलेलं होतं. त्याच्या वकिलाने ती वाचली, मामाला कोपऱ्यात नेलं, आणि परत येऊन तडजोडीचं बोलायला लागला. शेवटी मामाने पैसे दिले. एक डझन खराब निघाले होते असं सांगून त्याचे अठ्ठेचाळीस कापले, व्याजाचं नाव काढलं नाही. वकीलसाहेब म्हणाले घ्या, लढत बसलात तर आणखी दोन वर्षं जातील. तीन हजार सातशे ब्याण्णव रुपये. त्या दिवशी तू मशीनसमोर बसून सुईच्या टोकाने एकोणऐंशी गाठी सोडल्यास. एक ठेवलीस. शेवटपर्यंत ठेवलीस.

सोनाराचं व्याज भागवायला एक पाटली मोडावी लागली, एक परत आली. ती तू एका हातात घालून हिंडायचीस. समोरची विचारायची, "काय गं, दुसरी कुठेय?" तू सांगायचीस, "कोर्टात इसारलंय." आणि स्वतःच हसायचीस. ते हसणं मला आवडायचं. पण माहेर तुटलं ते तुटलं. वाडीत बातमी पोचली की अमक्याच्या मुलीने गाववाल्यावर खटला भरला. तुझ्या भावाचं पत्र यायचं बंद झालं. जत्रेला तू पुन्हा गेली नाहीस. भाऊबीजेला ताट मांडून ठेवायचीस आणि संध्याकाळी उचलून ठेवायचीस. ह्या सगळ्याचं खापर लोकांनी माझ्या माथ्यावर फोडलं. फोडू देत. मी त्यांना तेव्हाही विचारलं होतं आणि आजही विचारते: ऐंशी डझन शिवले कोणी? डोळे कोणाचे गेले? खटला लागल्यावर गाववाल्याला गाववाला आठवला, तो पैसे दाबताना का नाही आठवला? तुझी बोटं शेवटच्या वर्षांत सरळ होत नव्हती, तेव्हा त्या वाडीतला एकही मायेचा माणूस तेल चोळायला आला नाही. मी चोळत होते.

आणि तू दर दिवाळीला एकदा तरी म्हणायचीस, की माणूस मुळात वाईट नव्हता, पैशाने बिघडला. "चिठ्ठी तरी न मागता दिल्यान." तेवढं एक तू त्याच्या नावावर जमा धरून ठेवलं होतंस. मी पातेलं घासत असायचे नाहीतर कांदा चिरत असायचे, आणि काही बोलायचे नाही.

तर आता ते. त्या दिवशी दुकानात मामा सगळं खोटं बोलला, पण चिठ्ठीचं तेवढं एक खरं बोलला. दिवाळीच्या गर्दीत डबा घेऊन मी गल्ल्यापाशी उभी राहिले होते. सरळ मागितलं तर तो लिहून देणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी हसत म्हटलं, "मामा, आईचं काय सांगू तुम्हाला. अडाणी बाई. डोक्यात काही राहत नाही तिच्या. कधी तीन हजार म्हणते, कधी पाच हजार. तुम्हीच काय तो आकडा एकदा लिहून द्या, म्हणजे तिची कटकट थांबेल." तो खूश झाला. दुकानातल्या पोऱ्याला म्हणाला, बायकांचा हिशोब बघ. बिलबुकातला कागद फाडून ऐटीत लिहिलं, सही ठोकली, आणि तुझ्या दोऱ्याची नक्कल करून दाखवली, हवेत गाठी मारत. मी त्याच्याबरोबर हसले, आई. खोटं खोटं नव्हे, चांगली मोठ्याने हसले. परतताना बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले होते, आणि तेव्हाही मला तुझी लाज वाटत होती की त्याची, ते माझं मला कळत नव्हतं.

पुढे वकीलसाहेबांना सहज विचारलं, की चिठ्ठी मागून घेतली असती तर? ते म्हणाले, "मागून दिली काय, आपणहून दिली काय, सही त्याची आहे ना?" म्हणजे दुकानात तुझ्याशी खोटं बोलायची कोर्टाला काही गरज नव्हती. ती मला होती. पण ते खोटं मी बोलले नसते तर तू दाव्यावर सही केली नसतीस, हेही तितकंच खरं. तुझ्या पोरीला कोणी खोटी म्हटलं म्हणून तू उठलीस, आणि तुझी पोर खोटी होती. त्या सहीबद्दल मला वाईट वाटत नाही. दाव्याबद्दल वाटत नाही. जे हसले, त्याचं वाटतं.

पंचवीस वर्षांत त्या हसण्याचीही मुदत केव्हाच संपली म्हणायची. आणि नोकरीत पुढे कळलं, की मुदत उलटल्यावर नुसतं 'देणं आहे' लिहून भागत नाही, 'देईन' असं नव्याने लिहावं लागतं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ह्याच डब्यात दोऱ्याखाली ठेवायचं आहे. म्हणून नीट लिहिते. तू अडाणी नव्हतीस. तुझा हिशोब पैशाला पैसा बरोबर होता. मी तुझं देणं लागते, आणि देईन. खाली तारीख घातली आहे, सही केली आहे. घे, मोज पहिल्यापासून.